पालिका, झेडपी, ग्रामपंचायत निवडणुकीचे नियम : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरपालिका, महापालिका, झेडपी, सगळ्यांच्या निवडणुका गेल्या काही महिन्यांत एकदम लागल्या आणि तेव्हापासून तालमीच्या कट्ट्यावर, दूध संस्थेच्या दारात, फॅमिली ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरतायत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहिलंय. मी काय वकील नाही, पण कायदा उघडून वाचायची खोड आहे. जिथं माझं मत आहे तिथं ते मत म्हणूनच वाचा.

निवडणुकीचा कायदा दिल्लीत ठरतो की मुंबईत?

दोन्हीकडं, आणि घोळ तिथंच होतोय. लोकसभा, विधानसभेचे नियम संसदेनं केलेत, १९५० आणि १९५१ चे लोकप्रतिनिधित्वाचे कायदे. त्याला राज्यानं हात लावायला फारशी जागाच ठेवलेली नाही. पण ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, नगरपालिका, महापालिका यांचे नियम मात्र विधिमंडळ करतंय, आणि तेही एका कायद्यात नाही तर चार-चार कायद्यांत, म्हणजे ग्रामपंचायतीचा १९५८ चा, झेडपीचा १९६१ चा, नगरपरिषदेचा १९६५ चा आणि महापालिकेचा १९४९ चा. मुंबईचा तर आणखी वेगळा, १८८८ चा. त्यामुळं सरपंच कसा निवडायचा, प्रभाग किती जणांचा, तिसरं मूल असलं तर काय, हे सगळं ठरवायचं पेन राज्य सरकारच्या हातात आहे. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली १९९२ ला, लागू झाली १९९३ ला, तिनं फक्त सांगाडा दिला, पाच वर्षांची मुदत, आरक्षण, स्वतंत्र आयोग वगैरे. बाकी तपशील राज्यानं भरायचे.

राज्य निवडणूक आयोग आणि दिल्लीचा आयोग एकच का?

नाही. राज्य आयोग १९९४ पासून आहे, स्थानिक निवडणुका तोच घेतो. ईव्हीएमवर राग काढताना, पत्र पाठवताना लोक सर्रास चुकीच्या आयोगाच्या नावानं पाठवतात, मग ते तिकडून इकडं फिरत बसतंय.

मग यादीत नाव नसलं तर कुणाला धरायचं?

इथंच गंमत आहे. राज्य आयोग स्वतःची यादी करतच नाही. विधानसभेची जी यादी असते ती ठराविक तारखेची घेतात आणि प्रभागाप्रमाणं फोडतात. यावेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे मूळ यादीतच नाव नसेल तर पालिकेत जाऊन टेबल वाजवून काही होत नाही, तिथं 'माझं नाव शेजारच्या प्रभागात गेलंय' असल्या चुकांचीच हरकत चालते. नवीन नाव घालायचं तर विधानसभेच्या यादीसाठीचा अर्ज, तोही वेळेत. दुबार नावांचा मोठा आरडाओरडा झाला तेव्हा आयोगानं असल्या नावांपुढं दोन तारे छापले आणि अशा मतदारानं मी एकाच ठिकाणी मत देणार असं लिहून द्यायचं ठरलं. बरं केलं, पण हा तात्पुरता उपाय झाला. यादी एकाकडं आणि निवडणूक दुसऱ्याकडं असली की जबाबदारी दोघांच्या मधल्या गटारात पडते, असं माझं मत.

आमचा एक वॉर्ड, एक नगरसेवक होता. हे चार जणांचं काय काढलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोल्हापूरला २०१५ ची निवडणूक ८१ वॉर्ड, ८१ नगरसेवक अशी झाली. २०१६ ला राज्यानं कायदा बदलून चार सदस्यांचा प्रभाग आणला, २०१७ ला पुणे, नाशिक वगैरे त्या पद्धतीनं झाल्या, आपली मुदत चालू होती म्हणून आपण वाचलो. २०१९ च्या शेवटी सरकार बदललं, परत एकाचा वॉर्ड. त्याप्रमाणं २०२० च्या शेवटी आपल्याकडं ८१ वॉर्डांची आरक्षण सोडतसुद्धा निघाली, इच्छुकांनी वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड लावले, हळदीकुंकू घातलं, आणि कोरोनात सगळं अडकलं. २०२१ ला त्याच सरकारनं मत बदललं, आता तीनचा प्रभाग. आपल्याकडं ३१ प्रभाग आणि जागा ८१ च्या ९२ झाल्या. २०२२ ला सरकार पडलं, नवीन आलं, त्यांनी तेही पुसलं आणि २०१७ ची पद्धत परत आणली. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं ते २० प्रभागांत, १९ प्रभाग चारचे आणि एक पाचचा, जागा परत ८१.

आता हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार. जुन्या पद्धतीत एका नगरसेवकामागं पावणेसात हजारांच्या आसपास माणसं. नवीन प्रभाग सत्तावीस हजारांचा. पूर्वी पेठेतला एखादा पोरगा, तालमीच्या जिवावर, चार गल्ल्या चालत पिंजून निवडून यायचा, पक्ष कुठला हे दुय्यम असायचं. सत्तावीस हजारांत ते जमत नाही, पैसा लागतोय, पॅनेल लागतंय, वर हात असायला लागतोय. बाजूनं बोलणारे म्हणतात की वॉर्ड लहान असला की भावकी आणि पाकीट यावरच निवडणूक होते, मोठ्या प्रभागात ते कमी होतं, आणि महिलांसाठी निम्म्या जागा बसवायला सोपं पडतंय. पाकिटाचं मला तरी पटत नाही, पाकीट कमी झालेलं कुणी बघितलं असेल तर सांगा. उलट गटार तुंबलं तर चौघं एकमेकांकडं बोट दाखवणार.

पण माझी खरी तक्रार पद्धतीवर नाही. एक असू दे नाहीतर चार, ते एकदा ठरवा. खासबागेत पैलवान आखाड्यात उतरले, अंगाला माती लावली आणि मग पंचांनी कुस्तीचे नियम बदलले तर पब्लिक गप्प बसेल काय? इथं बदलतायत आणि आपण बसलोय.

चारही मतं द्यायलाच पाहिजेत का? मला एकच माणूस ओळखीचा आहे.

अ, ब, क, ड प्रत्येक जागेला एक मत, प्रत्येकाची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. एकाच जागेतल्या चौघांना चार मतं देता येत नाहीत, हा गैरसमज बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचा होता. ज्या जागेत कुणी नको तिथं नोटा (यापैकी कुणीच नाही) दाबा, म्हणजे मशीन पुढं सरकतंय आणि बाहेरच्या एजंटला 'अजून आत काय करतोय हा' असं वाटत नाही.

पाच वर्षांची मुदत घटनेत आहे म्हणता, मग आपल्याकडं पाच वर्षं प्रशासक कसा?

महापालिकेची मुदत १५ नोव्हेंबर २०२० ला संपली, झेडपीची मार्च २०२२ मध्ये. महापालिकेचं मतदान झालं जानेवारी २०२६ ला आणि झेडपीचं फेब्रुवारीत. घटनेत स्पष्ट लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक, आणि सुप्रीम कोर्टानं २००६ लाच किशनसिंग तोमर केसमध्ये हे बंधनकारक आहे म्हणून सांगितलंय. तरी हे घडलं.

पहिलं कारण कोरोना, ते समजू शकतो. दुसरं ओबीसी आरक्षण. ४ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टानं विकास गवळी केसमध्ये सांगितलं की तीन गोष्टी पूर्ण करा, समर्पित आयोग नेमून मागासलेपणाचा अभ्यास करा, त्या त्या संस्थेप्रमाणं टक्का ठरवा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. राज्याकडं डेटा नव्हता. ओबीसीशिवाय निवडणूक घ्यायची कुठल्याच पक्षाची हिंमत नाही, आणि त्यात चूक काय, हक्काच्या जागा अशा कशा सोडायच्या. मग मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं एकमुखानं कायदा करून प्रभाग रचनेचे अधिकार आयोगाकडून सरकारकडं घेतले. कागदावर तो प्रभागाचा कायदा, प्रत्यक्षात वेळ काढायचा. जुलै २०२२ मध्ये ओबीसींसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल कोर्टानं मान्य केला तेव्हा वाटलं झालं, तर नवीन सरकारनं सदस्यसंख्या आणि प्रभाग परत बदलले, ते आव्हान कोर्टात, 'जैसे थे' आणि तारखांवर तारखा. ६ मे २०२५ ला कोर्टानंच वैतागून सांगितलं की बांठिया अहवालाच्या आधी ओबीसींना जे आरक्षण होतं त्याप्रमाणं चार महिन्यांत निवडणुका घ्या. ते चार महिनेही वाढतच गेले.

या सगळ्या काळात रस्त्याचं टेंडर, पाणीपट्टी, बजेट सगळं आयुक्तांच्या सहीवर. अधिकारी वाईट होते असं नाही, काहींनी कामं चांगली केली, पण खड्ड्याबद्दल भांडायला दारात कुणी नव्हतं. आणि लक्षात घ्या, यात सत्तेत आलेला कुठलाच पक्ष सुटत नाही.

सरपंच थेट निवडायचा की सदस्यांनी? आमच्यात दरवेळी वेगळंच असतंय.

तुमच्यात नाही, सगळीकडंच. २०१७ ला थेट सरपंच आणला. २०२० ला पुढच्या सरकारनं तो काढायचा अध्यादेश राज्यपालांकडं पाठवला, तो मंजूर झाला नाही, मग विधिमंडळात विधेयक आणून काढला. २०२२ ला परत थेट. नगराध्यक्षाचंही तेच, २०१६ ला थेट, मग रद्द, २०२२ ला परत थेट. जिल्ह्यात हजारावर ग्रामपंचायती, त्यातल्या काहींत थेट निवडलेला सरपंच एका गटाचा आणि सदस्य दुसऱ्या गटाचे, मग प्रत्येक मीटिंगला कोरमचं (किमान हजेरीचं) राजकारण. दुसऱ्या बाजूला, सदस्यांतून सरपंच निवडायचा म्हटलं की निकालाच्या रात्री गाड्या भरून सदस्य कुठल्यातरी रिसॉर्टला. दोन्हीला दुखणी आहेत. थेट सरपंचावर अविश्वास आणायचा तर पहिली दोन वर्षं आणता येत नाही, तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान, ही ग्रामसभेची अट मला वैयक्तिक आवडते, निवडला लोकांनी तर काढायचा पण लोकांनी.

मग महापौर पण थेट का नाही?

कारण आपल्या कायद्यात नाही. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशात आहे. आपल्याकडं महापौर नगरसेवकांतून, मुदत अडीच वर्षं, पद आरक्षणाच्या सोडतीनं. कोल्हापूरनं तर त्या अडीच वर्षांचीही खांडोळी करून दाखवली, काही महिने हा, मग राजीनामा, काही महिने तो, म्हणजे बोर्डावर नाव लागेपर्यंत पुढचा तयार. ते थांबवायला थेट निवडणूकच पाहिजे असं नाही, मधे राजीनामा दिला तर उरलेल्या काळापुरतं त्या पक्षाला पद नाही असला एखादा नियमसुद्धा पुरेल. पण तो करणार कोण?

नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर?

विधानसभेला काही होत नाही, दुसऱ्या नंबरचा निवडून येतो. पण स्थानिक निवडणुकीत आपल्या राज्य आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. फार कमी लोकांना माहीत आहे हे! मात्र पडलेल्या उमेदवारांना परत उभं राहायला त्यात बंदी नाही. हरियाणानं ती घातली.

आणि बिनविरोध?

बिनविरोध म्हणजे मतदानच नाही, म्हणजे नोटाही नाही. गावात खरंच एकोपा असला तर छान आहे. पण २०२१ च्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथं पदांचा लिलाव झाला म्हणून आयोगानं तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. देवळासाठी बोली लावली म्हटलं की गावाला पुण्य वाटतंय, पण ज्याच्याकडं पैसा नाही त्याचा हक्क तिथं विकला जातो. माझं म्हणणं, एकच अर्ज उरला तरी त्याची लढत नोटाशी लावा. खर्च होईल, होऊ दे.

मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी का दिसली नाही?

कारण स्थानिक निवडणुकीच्या राज्याच्या कायद्यांत व्हीव्हीपॅटची तरतूद नाही आणि अनेक जागांचं मतदान एकाच वेळी घेणाऱ्या मशीनला ते जोडलेलं नाही, असं आयोगानं सांगितलं. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. मशीनवर तुमचा विश्वास असो नसो, पण आमदार निवडताना चिठ्ठी आणि नगरसेवक निवडताना नाही, हे सामान्य माणसाला समजावून सांगता येत नाही. कायद्यात तरतूद नाही हे उत्तर तर मला चालतच नाही, कायदा मुंबईतच होतोय ना. २०२१ मध्ये विधानसभा अध्यक्ष नाना पटोले यांनी मतपत्रिकेचा पर्याय देणारा कायदा करायची सूचना केली होती, चार दिवस बातम्या आल्या, कायदा काही झाला नाही.

जात पडताळणीत नगरसेवकपद जातं म्हणे?

जातं, आणि कोल्हापूरला याचा चांगला अनुभव आहे. राखीव जागेवर निवडून आलं की सहा महिन्यांत वैधता प्रमाणपत्र द्यायचं असा नियम होता. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ही मुदत म्हणजे मुदतच म्हणून शिक्कामोर्तब केलं आणि आपल्या महापालिकेतल्या वीसच्या आसपास नगरसेवकांची पदं एका झटक्यात धोक्यात आली. त्यात खोट्या दाखल्याचे किती आणि समितीनंच उशीर केला म्हणून लटकलेले किती, हे कुणी वेगळं केलं नाही. मग सरकारनं कायदा बदलून मुदत बारा महिने केली, तीही मागच्या तारखेपासून. अडकलेल्यांना दिलासा मिळाला, चांगलं झालं, पण पडताळणी समित्यांनी वेळेत काम करावं यासाठी काय बदललं? हा प्रश्न अजून तसाच आहे.

तिसरं अपत्य, शौचालय, शिक्षण, याच्या अटी?

१२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्र. ग्रामपंचायतीला शौचालय वापराचा दाखला. थेट सरपंचाला, १ जानेवारी १९९५ नंतरचा जन्म असेल तर सातवी पास. आमदार-खासदाराला यातली एकही अट नाही, हे आपलं सहज सांगितलं.

गोकुळच्या निवडणुकीत आम्हाला मत का नाही? दूध तर आम्हीच घालतो.

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच होता. गोकुळ दूध संघाचे सभासद म्हणजे गावोगावच्या दूध संस्था, त्यामुळं मत संस्थेचं. संस्था ठराव करून एका माणसाचं नाव देते, तो ठरावधारक मतदान करतो. २०२१ ला असे साडेतीन हजारांच्या वर मतदार होते. लाखो लिटर दूध घालणाऱ्या बाया-बापड्यांचं भवितव्य तेवढ्या लोकांच्या हातात, म्हणून एकेका ठरावाला काय भाव येतो ते तुम्ही मला सांगायची गरज नाही.

या निवडणुका घ्यायला राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आहे, सहकारी संस्थांबद्दलच्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर ते आलं. पुढं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये त्या दुरुस्तीतला राज्यातल्या संस्थांपुरता भाग रद्द केला, कारण सहकार हा राज्याचा विषय आणि राज्यांची संमती घेतलीच नव्हती. म्हणजे इथंही पेन राज्याकडंच. गोकुळ मल्टिस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांतला संघ, करायचा घाट २०१८ ला घातला होता तेव्हा एवढी आग का लागली होती ते आता कळेल, मल्टिस्टेट झालं की कायदा केंद्राचा आणि निवडणुकीचं सगळंच राज्याच्या हाताबाहेर. तो बेत नंतर बारगळला.

हद्दवाढीचा आणि मतदानाचा काय संबंध?

शहराची हद्द वाढली की आजूबाजूच्या गावांची ग्रामपंचायत जाते, सरपंच जातो, झेडपीचे गट बदलतात, प्रभाग बदलतात. त्यामुळं हद्दवाढीचं भांडण घरफाळ्याचं आहे तितकंच ते खुर्च्यांचंही आहे. महापालिका १९७२ ला झाली, हद्द मात्र नगरपालिकेच्या काळातलीच.

वन नेशन वन इलेक्शनमध्ये आपली पालिका येणार का?

डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या घटनादुरुस्ती विधेयकात लोकसभा आणि विधानसभाच आहेत. एकत्र निवडणुकांसाठी नेमलेल्या कोविंद समितीनं स्थानिक निवडणुका त्यानंतर शंभर दिवसांत घ्या म्हटलं होतं, पण ते या विधेयकात नाही.

बरं, मग सुधारणा म्हणून तुम्हाला नक्की काय पाहिजे?

फार नाही. सदस्यसंख्या, प्रभाग आणि सरपंच-नगराध्यक्षाची पद्धत यात केलेला कुठलाही बदल येत्या निवडणुकीला लागू न होता त्याच्या पुढच्या निवडणुकीला लागू व्हावा. एवढं एक कलम चारही कायद्यांत घाला. आज सत्तेत कोण आहे यावर ते अवलंबून नाही, आणि पाच वर्षांनी आपणच सत्तेत असू की नाही याची कुणालाच खात्री नसते त्यामुळं नियम जरा सरळ होतील. दुसरं, प्रभाग रचना परत आयोगाकडं द्या. तिसरं, प्रशासकाला सहा महिन्यांची कडक मर्यादा. बाकी यादी करायची तर रात्र पुरणार नाही.

हे सगळं आमदारांनी करायचं. आपण काय करू शकतो?

आमदाराला विचारू शकतो, लेखी, आणि अधिवेशनाच्या आधी. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे दहा आमदार आहेत, विधान परिषदेचे वेगळे, दहाही जणांना एकच प्रश्न गेला तर निदान एकजण तरी सभागृहात उठेल.

दुसरं म्हणजे हरकती. प्रारूप प्रभाग रचना आणि प्रारूप यादी जाहीर होते तेव्हा हरकतीला थोडेच दिवस मिळतात, सुनावणी होते, आणि तिथं येतात ते फक्त इच्छुक उमेदवार. नकाशा घेऊन जा, कुठला रस्ता, कुठला ओढा, कुठली गल्ली तोडली ते लिहून द्या, 'अन्याय झाला' एवढंच लिहिलेली हरकत टिकत नाही. एकदा निवडणूक जाहीर झाली की कोर्टही सहसा मधे पडत नाही, घटनेनंच ते दार बंद केलंय, मग उरते ती निकालानंतरची निवडणूक याचिका, महापालिकेला निकालापासून दहा दिवस, ग्रामपंचायतीला पंधरा. गुलाल धुवायच्या आधी वकील गाठायला लागतोय.